साइटवरच्या पोरीची शाळेतली ॲडमिशन – माझा अनुभव

पुण्यात वाघोलीत आमच्या सोसायटीला लागून मोठ्या बिल्डिंगचं काम चालू होतं, तिथल्या लेबर कॅम्पात मी आणि माझी मैत्रीण दर रविवारी दोन तास पोरांना घेऊन बसायचो. चित्रं, गोष्टी, गाणी, थोडं वाचन. मुकादमानं सिमेंटच्या गोडाऊनशेजारची पत्र्याची खोली दिली, परवानगीचं फार काही अवघड गेलं नाही.

दिवाळीनंतर कर्नाटकातल्या यादगीरकडची एक पोरगी यायला लागली, कडेवर कायम दीड वर्षाचा भाऊ. पेन्सिल धरता येत नव्हती, पण आईबापाच्या हजेऱ्या किती, उचलीत किती कापले आणि हातात खर्ची, म्हणजे खर्चापुरते पैसे, किती येणार हा हिशोब ती कानडीत ओंदू, एरडू, मूरू करत बोटांवर करायची आणि तो चुकायचा नाही. तेव्हाच ठरवलं, हिला शाळेत घालायचंच.

जवळच्या शाळेत गेले तर जन्मदाखला नाही, टीसी नाही, वर्ष निम्मं संपलं, जूनमध्ये या. जूनपर्यंत ही माणसं इथे असतील का? मला तिथे काही बोलता आलं नाही, घरी येऊन रात्री 2009 चा शिक्षण हक्क कायदा वाचून काढला. कोणाला उपयोगी पडेल म्हणून लिहिते: कलम 14 प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, कलम 15 प्रमाणे उशिरा आलेल्यालाही घ्यावं लागतं, आणि कलम 4 प्रमाणे वयानुसार वर्गात बसवून मागे राहिलेलं वेगळं शिकवायचं असतं. प्रिंट काढली आणि तिच्या आईला घेऊन परत गेले, त्या बाईची अर्धी हजेरी बुडाली याचं मला अजून वाईट वाटतं. जन्म कधीचा विचारलं तर म्हणाली, धाकट्या दिराचं लग्न झालं त्या पावसाळ्यातला. मोजून नऊ वर्षं भरली. तसं लेखी दिलं, आईनं अंगठा दिला, चौथीत नाव लागलं.

पण पोरगी दोनच दिवस गेली. भावाला कोण सांभाळणार! पन्नासहून जास्त बायका कामाला असतील तर लहान मुलांसाठी खोली द्यायची असं बांधकाम मजुरांच्या 1996 च्या कायद्यात तेव्हा होतं, पण या साइटवर तेवढ्या बायकाच नव्हत्या. शेवटी कॅम्पातल्याच एका आजींना, ज्यांना आता ओझं उचलवत नाही, सोसायटीतल्या आम्ही सहाजणींनी मिळून महिन्याला पैसे द्यायचं ठरवलं आणि पत्र्याच्या खोलीत रोज पाळणाघर सुरू झालं. मग ती रोज जायला लागली.

मार्चमध्ये स्लॅबचं काम संपलं आणि ते सगळे हिंजवडीकडे गेले. परवा तिच्या वडिलांचा मिस्ड कॉल आला. मी फोन केला तर तीच बोलली, टीचर, इथली शाळा पण टीसी मागते. मी जुन्या शाळेतनं टीसी घेतलाय, शनिवारी तिकडे निघतेय.