दोन जुगार

दुपारी जेवण झाल्यावर जुन्या सामन्यांची दृश्यं लावून बसायची खोड वाईट. त्यातही हरलेल्या सामन्यांची. जिंकलेला सामना एकदा बघितला की संपतो. हरलेल्यात दर वेळी नवा दोषी सापडतो. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये तर तो शोधावाही लागत नाही. कानाला हेडसेट लावून तो मैदानाच्या कडेलाच उभा असतो.

27 ऑगस्ट 2022, डब्लिन. नेब्रास्का विद्यापीठाचा संघ नॉर्थवेस्टर्नविरुद्ध चारपैकी तिसऱ्या सत्रात 28-17 असा पुढे. नुकताच टचडाउन झालेला, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या टोकाच्या रेषेपार नेऊन सहा गुण मिळालेले, आता किक मारून चेंडू समोरच्यांना द्यायचा. साधी रीत अशी की आपल्या 35 यार्डांच्या रेषेवरून चेंडू जितका लांब जाईल तितका मारायचा, म्हणजे समोरच्यांना अख्खं मैदान चालून यावं लागतं. पण नेब्रास्काचा कोच स्कॉट फ्रॉस्ट याने ऑनसाइड किक मारायला सांगितली. ही किक मुद्दाम आखूड असते. चेंडू दहा यार्ड गेला की मारणाऱ्या संघालाही तो उचलता येतो. सामना हातातून निसटत असताना, घड्याळात दीड-दोन मिनिटं उरलेली असताना हे करतात. कुणाच्या ध्यानीमनी नसताना केलं तर साधतंही. पण चेंडू समोरच्याने उचलला, तर त्याला निम्मं मैदान फुकटात मिळतं.

समोरच्याने उचलला. नॉर्थवेस्टर्नने तिथून टचडाउन केला, मग आणखी एक, आणि सामना 31-28 असा गेला. अकरा गुणांनी पुढे असताना ही किक कशासाठी, हा प्रश्न नेब्रास्कात आजही विचारतात. संघाने नुकतीच लय पकडली होती, तेव्हाच सामना निकालात काढावा असं फ्रॉस्टला वाटलं. वाटण्यात तसं काही चूक नव्हतं. मागची विश्वासाची शिल्लक तेवढी नव्हती.

शिल्लक कशी साठते, हे समजायला आधी तिथला शनिवार, म्हणजे सामन्याचा दिवस, समजावा लागतो. नेब्रास्का हे महाराष्ट्राच्या जवळपास दोनतृतीयांश आकाराचं राज्य. लोकसंख्या वीस लाखांच्या आसपास, बाकी मका, सोयाबीन आणि गुरं. व्यावसायिक फुटबॉलचा एकही संघ नाही. त्यामुळे लिंकनमधलं विद्यापीठाचं मेमोरियल स्टेडियम हेच सगळ्यांचं. ते भरलं की ओमाहा आणि लिंकन यांच्यानंतर राज्यातलं तिसरं मोठं गाव तेच. सगळे लाल कपड्यांत. हातात रुन्झा, म्हणजे खिमा, कोबी आणि कांदा भरून भाजलेला लांबट पाव. आपला पहिला गुण झाला की लाल फुगे सोडायचे, ही रीत कित्येक दशकं चालली. 2022 मध्ये हेलियमचा तुटवडा पडला, विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला तो वायू हवा होता, म्हणून ती थांबवली. पाहुणा संघ मैदान सोडताना उभं राहून टाळ्या वाजवायची रीतही आहे, पाहुणा जिंकून चालला असला तरी. स्टेडियमच्या दारावर कोरलंय की या दारांतून कॉलेज फुटबॉलमधले सर्वांत थोर चाहते आत जातात. स्वतःबद्दल हे दगडात कोरून घ्यायला धीर लागतो, पण टाळ्या ऐकल्यावर बोलायची सोय राहत नाही.

3 नोव्हेंबर 1962 पासून इथलं प्रत्येक तिकीट विकलं गेलंय. इथे सूक्ष्म भेद आहे: तिकीट विकलं गेलं पाहिजे, खुर्चीत माणूस बसलाच पाहिजे असं नाही. संघ वर्षानुवर्षं हरू लागला तेव्हा हा विक्रम धोक्यात आला. मग 2021 मध्ये देणगीदारांना उरलेली तिकिटं घ्यायला लावून ती परवडत नसलेल्या मुलांना वाटायची योजना निघाली. मुलांना सामना बघायला मिळाला, विक्रमही राहिला. याला कुणी लबाडी म्हणतात. मला ती फार गोड लबाडी वाटते.

अनेक विद्यापीठांत चांगली जागा हवी तर तिकिटाच्या किमतीखेरीज दरवर्षी देणगी द्यावी लागते. 2017 अखेरपर्यंत त्या देणगीच्या 80 टक्के रकमेवर आयकरात वजावट मिळायची. पुढे कायदा बदलला आणि ती गेली. लोकांनी कुरकुर केली, जागा सोडल्या नाहीत. सोडली की मागे रांग उभीच असते. सामना किती वाजता सुरू होणार हेदेखील या लोकांना आधी कळत नाही. टीव्हीवाले बऱ्याचदा बारा दिवस आधी ठरवतात, कधी सहाच दिवस आधी. पाच तासांवरच्या गावातला शेतकरी सकाळी अकराच्या सामन्याला पहाटे निघतो, संध्याकाळचा असला तर मध्यरात्र उलटून घरी पोचतो.

एवढं करून हा माणूस कुणावर जीव लावणार? खेळाडू चार वर्षांत पदवी घेऊन जातात, हल्ली तर त्याआधीच दुसऱ्या विद्यापीठात जायची मुभा आहे. नावं पाठ होईस्तोवर पोरं पांगलेली असतात. टिकतो तो कोच. कोचला तिथे घरजावयासारखं वागवतात: ताटात काही कमी पडू देत नाहीत, आणि दुसऱ्यांदा काय वाढून घेतलं यावर अख्ख्या घराचं लक्ष.

टॉम ऑस्बोर्न हे त्यातले सगळ्यात मोठे. राज्यातल्याच हेस्टिंग्ज गावचे, शैक्षणिक मानसशास्त्रात डॉक्टरेट, आवाज कधी न चढवणारे. 1973 मध्ये त्यांच्या हाती संघ आला तो बॉब डेव्हनी यांच्याकडून, आणि डेव्हनींनी 1970 आणि 1971 अशी लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदं आणून ठेवलेली. ऑस्बोर्न दरवर्षी किमान नऊ सामने जिंकायचे आणि ओक्लाहोमाशी हरायचे. पहिली पाच वर्षं ओळीने हरले. 1978 मध्ये एकदाचं 17-14 असं जिंकले, तर पुढच्याच शनिवारी मिझुरीने 35-31 असं पाडलं. वर ऑरेंज बोल या मोसमाअखेरच्या मानाच्या सामन्यात पुन्हा ओक्लाहोमाच वाट्याला आलं आणि हरवून गेलं. कुरकुर एवढी होती की त्या हिवाळ्यात कोलोरॅडोची नोकरी बघायला ते जाऊन आले. हे लोक आता विसरलेत. थोर माणसाला आपण सुरुवातीपासूनच थोर मानत होतो, असं सगळ्यांनाच वाटतं.

मग 2 जानेवारी 1984. ऑरेंज बोल, मायामीविरुद्ध, मायामीच्याच गावात. नेब्रास्का त्या मोसमात अजिंक्य, क्रमांक एक. चौथ्या सत्रात 31-17 असे मागे पडले, तिथून वर आले. शेवटचं मिनिट, चौथी खेप (दहा यार्ड पुढे सरकायला चारच खेपा मिळतात), अजून आठ यार्ड जायचं. जेफ स्मिथ 24 यार्ड धावून टचडाउन करतो. 31-30. घड्याळात 48 सेकंद.

आता दोन वाटा. खांबांमधून साधी किक मारली की एक गुण, 31-31. त्या काळी कॉलेज फुटबॉलमध्ये जादा वेळ नव्हता, सामना बरोबरीत सुटायचा. देशाचा विजेता मतदानाने ठरायचा. दुसऱ्या क्रमांकावरचा टेक्सासचा संघ त्याच दिवशी दुपारी जॉर्जियाशी 10-9 असा हरलेला, म्हणजे बरोबरीवरही विजेतेपद जवळजवळ नक्की होतं. दुसरी वाट, तीन यार्डांवरून पुन्हा एकदा खेळून चेंडू रेषेपार न्यायचा: साधलं तर दोन गुण आणि विजय, नाही तर पराभव.

ऑस्बोर्ननी दोन गुणांची वाट धरली. चेंडू फेकणारा टर्नर गिल उजवीकडे सरकला, स्मिथ रेषेपार मोकळा, चेंडू हातातून सुटला आणि मायामीच्या केनी कॅलहूनची बोटं मध्ये आली. बोटंच, अख्खा हातही नाही. चेंडूची दिशा जराशी बदलली आणि तो स्मिथला लागून खाली पडला. ती दृश्यं सावकाश लावून बघितली की चेंडू स्मिथकडे चाललाय असंच शेवटपर्यंत वाटत राहतं.

या निर्णयाने ऑस्बोर्न नेब्रास्कात मोठे झाले, लहान नाही. बरोबरीवर मोहोर उमटवून विजेतेपद घ्यायचं नाही, हे त्या लोकांना भिडलं. पुढे 1994, 1995 आणि 1997 अशी तीन विजेतेपदं आली आणि 1984 ची रात्र त्यांची प्रस्तावना ठरली. पंचवीस वर्षांत 255 विजय, 49 पराभव, 3 बरोबऱ्या. एकाही वर्षी नवापेक्षा कमी विजय नाहीत. पुढे ते अमेरिकेच्या संसदेवर, म्हणजे काँग्रेसवर, 82 टक्के मतांनी निवडून गेले. 2006 मध्ये गव्हर्नरपदासाठी मात्र पक्षांतर्गत निवडणुकीतच हरले. मैदानाला त्यांचं नाव देणारे लोक मतपत्रिका हातात आल्यावर शुद्धीवर होते, ही मला चाहत्यांच्या बाजूची गोष्ट वाटते.

त्यांच्यानंतर आलेल्यांचे हाल याच आकड्यांनी केले. फ्रँक सोलिच यांनी सहा वर्षांत 58 जिंकले, 19 हरले. 2003 मध्ये 9-3, म्हणजे नऊ विजय आणि तीन पराभव, असताना काढलं. पुढच्याच वर्षी बिल कॅलहन यांच्या हाताखाली संघ 5-6 झाला, 1961 नंतरचा पहिला तोट्याचा मोसम. बो पेलिनी सात वर्षं होते, दर मोसमात नऊ किंवा दहा विजय. 2011 मध्ये ओहायो स्टेटविरुद्ध 27-6 असे मागे असताना बरेच लोक उठून गेले. संघ 34-27 असा जिंकला. सामन्यानंतर पेलिनींनी खासगीत चाहत्यांना शिव्यांची लाखोली वाहिली, ती कुणीतरी ध्वनिमुद्रित केली आणि दोन वर्षांनी बाहेर आली. माफी मागावी लागली. पुढच्या वसंतातल्या सराव सामन्याला, ज्याला त्या काळी साठ हजारांवर माणसं यायची, ते हातात मांजर उंच धरून मैदानात आले, कारण त्यांच्या नावाने विनोद करणाऱ्या एका ट्विटर खात्यावर मांजराचा फोटो असायचा. लोक हसले, टाळ्या पडल्या. नोव्हेंबरअखेर 9-3 वर त्यांनाही नारळ मिळाला.

म्हणून फ्रॉस्ट आला तेव्हा वाटलं, आता सुटलो. वुड रिव्हरचा पोरगा, 1997 च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा आणि खेळ चालवणारा, ऑस्बोर्नचा चेला. सेंट्रल फ्लोरिडाला 2017 मध्ये अजिंक्य ठेवून परतलेला. मात्र 1997 मध्ये, नेमक्या सेंट्रल फ्लोरिडाविरुद्धच्या सामन्यातच, याच स्टेडियमने त्याची हुर्यो उडवली होती. कारण हायस्कूलनंतर तो आधी स्टॅनफर्डला गेला होता. थोर चाहत्यांची स्मृतीही थोर असते.

कोच म्हणून त्याच्या खात्यात 16 विजय आणि 31 पराभव जमा झाले. 2021 चा मोसम तर विचित्रच: नऊ पराभव, त्यातला एकही दहा गुणांनी नाही. दर शनिवारी जिंकायच्या तोंडाशी जाऊन परत यायचं. सपाटून हरणारा संघ सोडवतो. थोडक्यात हरणारा संघ आशेला लावतो, आणि माणूस पुढच्या शनिवारचं पेट्रोल भरतो. त्यानंतर ती डब्लिनची किक. मग 10 सप्टेंबरला घरच्या मैदानावर जॉर्जिया सदर्नकडून 45-42. त्याआधी घरी 35 किंवा जास्त गुण केले की नेब्रास्का कधीच हरली नव्हती, 214 पैकी 214 विजय.

दुसऱ्या दिवशी फ्रॉस्टला काढलं. करारानुसार त्याला दीड कोटी डॉलर द्यावे लागले. 1 ऑक्टोबरपर्यंत थांबले असते तर 75 लाखांत भागलं असतं, आणि मधल्या काळात सामना होता अवघा एक, ओक्लाहोमाचा. म्हणजे एका शनिवारसाठी 75 लाख डॉलर. इथला क्रीडा विभाग सरकारी करांवर चालत नाही. तिकिटं, देणग्या आणि टीव्हीच्या पैशांवर चालतो. सहा दिवसांनी ओक्लाहोमा 49-14 असं जिंकून गेलं. व्यवहार म्हणून हे बसत नाही. पण ज्याने तो संध्याकाळचा सामना स्टेडियममध्ये बसून बघितला, त्याला विचारलं तर तो रक्कम बरोबर आहे म्हणेल.

ऑस्बोर्नच्या शिलकीबद्दल मात्र एक गोष्ट सांगायला हवी. सप्टेंबर 1995 मध्ये संघाचा चेंडू घेऊन धावणारा खेळाडू लॉरेन्स फिलिप्स याला आपल्या आधीच्या मैत्रिणीला मारहाण केल्याबद्दल अटक झाली. ऑस्बोर्ननी त्याला सहा सामने बाहेर ठेवलं आणि परत घेतलं. फुटबॉलची शिस्त सुटली तर पोरगा वाया जाईल, हे त्यांचं म्हणणं होतं. देशभर टीका झाली, राज्याने कोचवर विश्वास टाकला. जानेवारीत फ्लोरिडाला 62-24 असं हरवून विजेतेपद आलं आणि फिलिप्स त्यात 165 यार्ड धावला. पुढे तो आणखी गुन्ह्यांत अडकला, दीर्घ मुदतीची शिक्षा झाली आणि 2016 मध्ये तुरुंगातच मेला. कोचचा हेतू प्रामाणिक होता, हे मी मानतो. सहा सामने कमी होते, हेही मानतो. नऊ विजयांवर कोच बदलणाऱ्या लोकांनी त्या वर्षी त्यांना एवढंसुद्धा ऐकवलं नाही.