मूळच्या कुठल्या?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली. त्यावर "तसं नव्हे हो, मूळच्या?" हे ठरलेलंच. पाठोपाठ "मराठी इतकं छान कसं?" घरी आमची कोकणी मिसळलेली बोली, शाळा पहिलीपासून मराठी. तुम्हाला जसं आलं तसंच मलाही आलं.

मी सिद्दी. पोर्तुगीजांनी आमच्या पूर्वजांना आफ्रिकेतून गुलाम करून गोव्यात आणलं, तिथून पळून ते घाटातल्या रानात राहिले. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळच्या माझ्या मामेबहिणीला २००३ पासून अनुसूचित जमातीचा दाखला मिळतो. बेळगाव जिल्ह्यातल्या सिद्दींसाठी कायदा झाला २०२० साली. तोवर माझं बी.ए. होऊन पाच वर्षं लोटली होती.

१ नोव्हेंबर, कर्नाटक राज्योत्सवाचा दिवस, बेळगावातले मराठी लोक निषेध म्हणून काळा दिन पाळतात. २०१३ साली मी त्या फेरीला गेले. कुणी बोलावलं नव्हतं. सीमाभागाचं दुखणं मला माझंच वाटायचं, अजून वाटतं. टिळकवाडीतल्या खोलीवरून निघताना मैत्रिणीची काळी ओढणी मागून घेतली. रात्री धुतलेली, काठाला अजून ओलसर होती. संभाजी उद्यानापाशी वर्गातली मुलं भेटली. एक जण म्हणाला, "तुला कशाला गं काळे कपडे? तू अशीच चाल की!" सगळे हसले. ओढणीवाली हसली. मीही हसले. मग "बेळगाव, कारवार, निपाणी" सुरू झालं आणि मी घसा बसेपर्यंत ओरडले. शेजारचे एक काका कौतुकानं वळून म्हणाले, "विच कंट्री?"

थट्टाच ती, असं मी कितीतरी वर्षं म्हणत आले. तो मुलगा वाईट नव्हता. आई आजारी पडली तेव्हा त्यानंच रात्री गाडीवरून मला गावी सोडलं. हे खरं आहे, आणि त्या दिवशी लागलं तेही खरं आहे.

पण माझंही ऐका. आमच्या मेसमध्ये मणिपूरची एक मुलगी होती. तिला सगळे "चिनी" म्हणत. मीही म्हणायचे. तेवढा वेळ माझ्याकडे कुणी बघत नसे. २०१४ च्या जानेवारीत दिल्लीत केसांवरून चिडवणाऱ्यांना उलट बोलला म्हणून अरुणाचलच्या निडो तानियाला मारहाण झाली, त्यात तो गेला. ती बातमी आली त्या रात्री ही मणिपूरची मुलगी भरल्या ताटावरून उठली. मी खाली मान घालून जेवत राहिले.

त्या मुलाला काय उत्तर द्यायला हवं होतं, ते मला आजही सुचत नाही. तिला "बस गं, जेवून घे" एवढं तरी म्हणता आलं असतं.