चोडणच्या खाजनातून दिल्लीला अर्ज

रायबंदरच्या फेरीबोटीत काकांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. मे २०२५ ची गोष्ट. "खाऱ्या जमिनीत तगणारं भात काढलंय म्हणे दिल्लीत. मग आमचा कोरगुट इतकी वर्षं काय करतोय?"

गोव्यातल्या चोडण बेटावर आमचं खाजन, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली भातजमीन आहे. मानशीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराची, फळी गळायला लागली की भरतीचं खारं पाणी आत शिरतं, आणि त्या वर्षी कोरगुटच (आमची जुनी भाताची जात) काय तो हाताला लागतो. उंच वाढून वाऱ्याने आडवा होतो, उताराही कमी, पण खतासाठी अडून बसत नाही.

बातमीतलं भात पुसा डीएसटी राइस १. एमटीयू १०१० या जुन्या जातीतला एक जनुक बंद पाडून केलेलं. बाहेरचा जनुक त्यात नाही, त्यामुळे ते बीटी कापसासारखं जीएम, म्हणजे परका जनुक घातलेलं, नव्हे; जनुक-संपादित. मार्च २०२२ पासून अशा पिकांना जीईएसीच्या, म्हणजे जीएम पिकं तपासणाऱ्या केंद्राच्या समितीच्या, परवानगीची गरज उरलेली नाही. बाहेरचा डीएनए राहिलेला नाही, एवढी खात्री वाण काढणाऱ्या संस्थेच्याच जैवसुरक्षा समितीने करायची. घरचाच परीक्षक! बीटी वांग्याच्या वेळी २०१० साली पर्यावरणमंत्री जयराम रमेश सात शहरांत लोकांचं ऐकायला बसले होते, त्यात नागपूरही होतं. भाताबद्दल आम्हांला कोणी विचारणार नव्हतं, तेव्हा आपणच विचारू म्हटलं.

केंद्राच्या पोर्टलवर दहा रुपये भरून माहिती हक्काचा अर्ज टाकला. तावातावाने लिहिलं, "आमच्या बियाण्यात हे मिसळलं तर जबाबदार कोण?" महिन्याने उत्तर आलं: ही बाब 'माहिती'च्या व्याख्येत बसत नाही. चिडलो, पण चूक माझी होती. या कायद्याखाली असलेला कागद मागायचा असतो, मत नव्हे.

दुसऱ्या अर्जातून 'का' आणि 'कोण' काढले. समितीच्या बैठकांची इतिवृत्तं, चाचण्यांची ठिकाणं, वर्षं, फक्त प्रती मागितल्या. अर्ज कलम ६(३) खाली एका कचेरीतून दुसरीकडे गेला, तिथून तिसरीकडे. दर वेळी नवा नोंदणी क्रमांक. त्यातला एक मी फेरीच्या तिकिटामागे लिहिला आणि तिकीटच हरवलं. तीस दिवस गेले तरी उत्तर नाही. मग पहिलं अपील केलं, त्याला फी नाही.

दरम्यान भातावर काम करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाने माझी भीती थोडी सरळ केली. भाताचं परागीभवन बहुतेक फुलातल्या फुलातच होतं, त्यामुळे वाऱ्याने पराग येऊन मिसळण्याचा धोका कमी. खरी भेसळ होते ती मळणीत आणि पोत्यांत.

अपिलानंतर काही पानं आली, सगळी इंग्रजीत. फेरीत बसून काकांना वाचून दाखवली. गोव्याचं नाव त्यात कुठे नव्हतं. चाचण्यांची यादी अर्धीच आहे. दुसऱ्या अपिलाला नव्वद दिवसांची मुदत आहे, त्याचा मसुदा लिहितोय.

काकांनी यंदा कोरगुटाची मळणी सगळ्यांत आधी उरकली, वेगळ्या ताडपत्रीवर.