जुना लेगो किलोवर घेतला, त्यातून 1989 चा किल्ला निघाला

जुन्या लेगोचा मिश्र ढीग हाती आला तर त्याचं करायचं काय, हे मराठीत लिहिलेलं मला कुठे सापडलं नव्हतं. हल्ली सोलापुरातलेच काही जण विचारतात, म्हणून सविस्तर लिहितो. पेटीबंद सेट घेणारे पुष्कळ आहेत, मीही घेतो. पण ढिगातून एक जुना सेट पुरा उभा करताना जे कळतं ते नव्या डब्यातून कळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

ढीग विजापूर रोडवरच्या एका काकांकडून मिळाला. त्यांचा मुलगा बरीच वर्षं सहकुटुंब जर्मनीत होता. नातवंडांसाठी तिथल्या जुन्या बाजारातून घेतलेला लेगो सामानाबरोबर इकडे आला, नातवंडं कॉलेजात गेली आणि पोतं माळ्यावर पडून राहिलं. काकांचा फोन आला, "काय ओ, ते ठोकळे घेताय का किलोवर? भंगारवाला दारात उभाय." मी म्हटलं, "काका, त्याला जाऊ द्या, मी निघालोच." काट्यावर सात किलो भरलं. म्हणजे काही हजार तुकडे, शिवाय गोट्या, पेन्सिलींची टोकं आणि एक सेंटचं नाणं.

वरवर चाळतानाच दोन गोष्टी नजरेत भरल्या. एक, उंचसखल तळपट्टी, तिला चढण आणि खड्डा. दुसरी, निळ्या कोटातले शिपाई. लेगोने चाच्यांची मालिका 1989 मध्ये आणली, तेव्हा सरकारी शिपाई निळ्या कोटात होते. 1992 पासून त्यांच्या जागी लाल कोटवाले आले. म्हणजे जुन्या मालात निळा कोट दिसला की तो पहिल्या तीन वर्षांतला. त्यात पांढऱ्या आणि पिवळ्या भिंतींचे तुकडे ढिगात भरपूर. तिन्ही धागे जुळवल्यावर नाव निघालं: एल्डोराडो फोर्ट्रेस, सेट क्रमांक 6276, साल 1989. तेव्हा मी शाळेत होतो. आमच्या हाती गड्ड्याच्या जत्रेतली खेळणी यायची, लेगो फक्त इंग्रजी मासिकातल्या चित्रात दिसायचा. त्या दिवशी रात्री झोप लागेना.

आधी धुणं. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे हे काम पाण्याच्या दिवशीच काढावं लागतं. पाणी कोमट हवं, चाळीस अंशांच्या वर नको. बोटाला गरम लागलं की थांबायचं. भांड्याचा सौम्य साबण, आणि तुकडे जाळीच्या पिशवीत घालून हलक्या हाताने खळबळायचे. पारदर्शक तुकडे वेगळे धुवायचे, कारण बाकीच्यांबरोबर घासून त्यांवर चरे पडतात. स्टिकर असलेले तुकडे पाण्यात बुडवायचेच नाहीत, ओल्या फडक्याने पुसायचे. आपलं पाणी जड. नुसतं धुऊन वाळवलं तर काळ्या तुकड्यांवर क्षाराचे पांढरे ठिपके उमटतात. शेवटचं पाणी मी फिल्टरचं वापरतो, तेवढ्याने ठिपके जातात. वाळवायला टॉवेलची सोलापुरात ददात नाही. पंख्याखाली, सावलीत, स्टड (तुकड्यावरचे गोल उंचवटे) खाली करून पसरायचे म्हणजे आतलं पाणी सुकतं. उन्हात टाकू नका. त्याचं कारण पुढे येईल.

मग वेगळे करणं. सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि खरी गंमतही इथेच आहे. नवीन माणूस आधी रंग वेगळे करतो. टेबलावर छान दिसतं, पण लाल तुकड्यांच्या परातीत एक बाय एकची लाल प्लेट, म्हणजे एकाच स्टडचा चपटा तुकडा, शोधून बघा. डोळ्याला रंग लगेच वेगळा ओळखता येतो, एकाच रंगातला आकार येत नाही. म्हणून आधी आकार, नंतर रंग. मी चादरीच्या कारखान्यात जेकार्डची डिझाइनं काढतो, दिवसभर चौकटी मोजतो, त्यामुळे असेल, पण हे काम मला कधी कंटाळवाणं वाटलं नाही. बायकोने ताटं, डबे, पापडाच्या बरण्या सगळं काढून दिलं. सासूबाई शेंगा निवडायला बसतात तशा समोर बसल्या आणि चाकं, खिडक्या, दारं झपाट्याने बाजूला काढून दिली.

आकार ओळखायला ब्रिक, म्हणजे ठोकळा, उलटी करा. आत बारीक आकडा असतो. दोन बाय चारच्या ब्रिकमध्ये 3001, दोन बाय दोनमध्ये 3003, एक बाय दोनमध्ये 3004. हा साच्याचा क्रमांक. तो हाती आला की जगभरच्या हौशी लोकांनी केलेल्या याद्यांत तो तुकडा कुठल्या कुठल्या सेटमध्ये होता ते सापडतं. वर प्रत्येक स्टडवर लेगोचं नाव कोरलेलं असतं. ज्यावर नाही तो दुसऱ्या कंपनीचा, तो बाजूला. राखाडी रंगाकडे मात्र नीट बघायला हवं. 2004 च्या सुमारास लेगोने राखाडीची छटा बदलली: आधीची किंचित मातकट, नंतरची निळसर. ट्यूबलाइटखाली दोन्ही सारख्याच दिसतात. दिवसा खिडकीपाशी शेजारी ठेवल्या की फरक चटकन कळतो. 1989 च्या किल्ल्यात निळसर राखाडी तुकडा बसला तर तो नंतरचा, हे जाणकाराला लांबूनही दिसतं.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. 1958 मध्ये पेटंट घेतलेली ब्रिक आणि आज दुकानातून आणलेली ब्रिक एकमेकींत बसतात. दोन स्टडमधलं अंतर आठ मिलिमीटर, ब्रिकची उंची 9.6, तीन प्लेट एकावर एक ठेवल्या की एक ब्रिक. हे माप त्यांनी हलू दिलेलं नाही. त्या सात किलोत वेगवेगळ्या दशकांचा माल होता, तरी एकही तुकडा सैल किंवा घट्ट म्हणून बाजूला काढावा लागला नाही.

आता पिवळेपणा. पांढरे आणि फिक्या राखाडी रंगाचे तुकडे ऊन लागून पिवळे पडतात. या किल्ल्यात तर पांढरी भिंत पिवळ्या भिंतीला लागूनच आहे. पांढरं पिवळट झालं की दोन रंगांचा सगळा खेळच संपतो. उपाय म्हणजे मेडिकलमध्ये मिळणारं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ऊन. सुक्या तुकड्याला ऊन पिवळं करतं, आणि तेच ऊन पेरॉक्साइडमध्ये बुडालेल्या तुकड्याचा पिवळेपणा घालवतं. तुकडे तरंगतात, म्हणून वर जाळी दाबून ठेवायची. हातमोजे घालायचे, डबा घट्ट बंद करायचा नाही, आणि लहान मुलांना गच्चीवर फिरकू द्यायचं नाही. आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात रंग भराभर उजळतो, सारखं जाऊन बघावं लागतं. जास्त वेळ राहिलं तर तुकड्यावर पांढुरका थर येतो. छापील तुकडे आणि माणसं मी यात कधीच घालत नाही, छपाई फिकी होते.

पार्क चौकात आम्ही काही हौशी लोक अधूनमधून चहाला जमतो, तिथे या पेरॉक्साइडवरून बराच वाद झाला. आमच्यातल्या एका डेंटिस्टचं म्हणणं, वय झालेल्या वस्तूचं वय दिसू द्यावं. ते फक्त मिनिफिग, म्हणजे लेगोची छोटी माणसं, जमवतात, म्हणून त्यांचं तसं मत असेल. मिनिफिगला पेरॉक्साइड लावू नये हे मलाही पटतं. भिंतीच्या बाबतीत पटत नाही. कंपनीने पांढरी म्हणून दिलेली भिंत मला पांढरीच बघायची आहे.

मिनिफिग 1978 मध्ये आली. चाच्यांच्या मालिकेआधी सगळ्यांचा चेहरा एकच: दोन ठिपके आणि हसू. 1989 च्या चाच्यांना पहिल्यांदा दाढ्या, मिशा, डोळ्यावरची पट्टी मिळाली, कुणाला हाताच्या जागी आकडा, कुणाला लाकडी पाय. म्हणून या काळची माणसं लोक जिवापाड सांभाळतात. ती तपासायची पद्धत सोपी आहे. धड उजेडासमोर धरा आणि काखेखालची बाजू बघा. तिथे केसाएवढी चीर असेल तर हात हलवू नका, ती वाढत जाते. पंजा मनगटात सैल झालाय का, ते त्याच्या हातात तलवार देऊन बघा. माझ्या निळ्या शिपायांपैकी एकाला अशी चीर आहे. तो सावलीच्या बाजूला, हात खाली करून उभा असतो.

आमच्या चहाच्या टोळीतला एक तरुण पूर्व भागातला, घरी तेलुगू. तो फनस्कूल कंपनीने भारतात काढलेले जी. आय. जो, म्हणजे सैनिकांचे छोटे पुतळे, गोळा करतो. बाहेरच्या देशांत नव्हते असे रंग त्यांत मिळतात, म्हणून परदेशातले लोकही त्यांच्या मागे असतात. या पुतळ्यांच्या पोटात एक रबरी रिंग असते, तिनेच कंबर आणि धड जोडलेलं राहतं. ती वाळून तुटली की पुतळ्याचे दोन तुकडे हातात येतात. तो पाठीचा एकुलता एक स्क्रू काढतो, पंपाच्या सामानाच्या दुकानातून मापाची ओ-रिंग आणून आकड्यात अडकवतो, आणि पुतळा पुन्हा ताठ उभा. "दुरुस्त करता आलं पाहिजे सर, नुसतं आणून ठेवलं तर काय उपयोग," असं तो म्हणाला. मला हा मुलगा फार आवडतो.

बँकेतले एक साहेब मात्र सील न तोडणाऱ्यांपैकी. त्यांचा हिशोबही खोटा नाही. आपल्याकडे खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क 2020 मध्ये 20 वरून 60 टक्क्यांवर गेलं आणि 2023 मध्ये 70 वर. सेट महाग, उत्पादन बंद झालं की आणखी महाग. पण ताजमहालाचं काय झालं? 5,922 तुकड्यांचा ताजमहाल 2008 मध्ये आला, बंद झाला, आणि बंद डब्याची किंमत आभाळाला भिडली. 2017 मध्ये लेगोने तोच जवळपास जसाच्या तसा पुन्हा काढला आणि जुन्या डब्याचे भाव कोसळले. माझ्या किल्ल्याचंही 2023 मध्ये मोठं, 2,509 तुकड्यांचं नवं रूप आलं. जोडण्यासाठी घेणाऱ्याला अशा बातमीने आनंद होतो, साठवणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. ज्या बातमीची भीती वाटावी असा छंद मला नको.

राहिले कमी पडलेले तुकडे. लेगोच्या स्वतःच्या साइटवर सूचना-पुस्तिका 1996 पासूनच्या आहेत. त्याआधीच्या हौशी लोकांनी स्कॅन करून ठेवल्यात. तेव्हाच्या पुस्तिकेत शेवटी तुकड्यांची यादी नसायची, तीही हौशी लोकांनीच केली आहे. यादी समोर ठेवून एकेक खूण करत गेलो. तीसएक तुकडे कमी भरले. ब्रिकलिंक नावाचा ऑनलाइन बाजार 2000 पासून आहे, 2019 मध्ये तो लेगोनेच विकत घेतला. तिथे एकेक तुकडा रंगासकट मिळतो. भारतात पाठवणारे विक्रेते थोडे आणि टपालखर्च तुकड्यांपेक्षा जास्त. म्हणून मी भाच्याच्या जर्मनीतल्या पत्त्यावर मागवलं, त्याने दिवाळीला येताना चॉकलेटच्या डब्यात आणलं. बाकीचं पुण्याच्या एका मित्राशी अदलाबदलीत जमलं. त्याला ढिगातले लाल कोटवाले हवे होते.

दुसऱ्या कंपन्यांचे तुकडे का नाही वापरले, असं बरेच जण विचारतात. ब्रिकच्या आकारावर आता लेगोचा हक्क नाही. पेटंटची मुदत संपली, आणि 2010 मध्ये युरोपच्या न्यायालयाने ब्रिकचा आकार ट्रेडमार्क होऊ शकत नाही असा निकाल दिला. तेव्हा सुसंगत ब्रिक बनवणं गैर नाही, आणि भाच्या-पुतण्यांना खेळायला मी ते खुशाल घेतो. मिनिफिगची गोष्ट वेगळी. तिच्या आकाराचा ट्रेडमार्क 2015 मध्ये तिथल्याच न्यायालयाने कायम ठेवला. बाजारात पन्नास-शंभर रुपयांना हुबेहूब माणसं मिळतात, ती मी घेत नाही. जुन्या सेटमध्ये तर अजिबात नाही. एकदा का नकली शिपाई खऱ्यांत उभा राहिला की पुढे ज्याच्या हाती तो सेट जाईल त्याची फसवणूक होते. जागा रिकामी ठेवणं बरं.

जोडणी मी एका रविवारी केली, पुतणीला शेजारी घेऊन. ती पान वाचायची, मी तुकडा द्यायचो, बसवायची तीच. पांढऱ्या कमानी तळपट्टीच्या चढणीवर चढत गेल्या तशी तिने विचारलं, "काका, आपला भुईकोट असाच होता का?" म्हटलं, आपल्याला खंदक आहे, याला समुद्र. मग ती तोफ कुठल्या दिशेला रोखायची यावर अडून बसली. पुस्तिकेत आहे तशी नाही, तिला पाहिजे तशी रोखली. तोफ अजून तशीच आहे.

काचेच्या कपाटात ठेवलाय, खिडकीपासून लांब. आठवड्याला मऊ ब्रशने धूळ झटकतो. काकांना घरी बोलावून दाखवला. ते बराच वेळ बघत होते, मग म्हणाले, "हे सगळं त्या पोत्यात होतं होय?" जाताना त्यांनी मुलाला व्हिडिओ कॉल लावून दिला.

एक तुकडा अजून नाही: जुन्या तपकिरी रंगाची लांब बंदूक. नवी तांबूस तपकिरी नको, 2004 च्या आधीची हवी. दांड्यावर चावल्याच्या खुणा असल्या तरी चालेल. कुणाकडे जास्तीची असेल तर कळवा. बदल्यात माझ्याकडे चाकं आणि खिडक्या भरपूर आहेत, शिवाय एक लाल कोटवाला, चीर नसलेला.