एका पानासाठी 201 क्वेऱ्या

आज दिवसभर एकाच पानाला चिकटून बसले होते. गावच्या वाचनालयासाठी जँगोमध्ये (पायथन भाषेतली, वेबसाइट बनवायची तयार चौकट) साइट करतेय. पुस्तकांची यादी उघडायला चार-पाच सेकंद लागत होते. आधी सर्व्हरवरच संशय घेतला. मग डीबग टूलबार (पान उघडताना आत काय चाललंय ते दाखवणारं साधन) लावला आणि आकडा दिसला: डेटाबेसला 201 क्वेऱ्या, म्हणजे माहिती मागणाऱ्या 201 विनंत्या!

200 पुस्तकं एका क्वेरीत येत होती, पण टेम्प्लेटमध्ये (पानाच्या साच्यात) प्रत्येक ओळीत लेखकाचं नाव मागितलेलं. त्यामुळे दर पुस्तकामागे डेटाबेसकडे आणखी एक फेरी. मीठ आणायला एकदा, मोहरी आणायला पुन्हा दुकानात जावं तसं. व्ह्यूमध्ये (पानासाठी माहिती गोळा करणाऱ्या कोडमध्ये) ‘सिलेक्ट रिलेटेड’ एवढंच जोडलं, पुस्तकं आणि लेखक ही दोन्ही टेबलं एकत्र जोडली गेली आणि 201 ची एकच क्वेरी उरली. पान चटकन उघडलं. मी तीनदा रिफ्रेश करून पाहिलं.

जँगोवर माझा जीव आहे तो यासाठीच. अमेरिकेत कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावच्या वृत्तपत्रात 2003 मध्ये एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी ते रचायला घेतलं. बातमीच्या घाईत पानं झटपट उभी करणं ही तिथली रोजची गरज. 2005 मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं. नाव गिटारवादक जँगो राइनहार्टचं. आगीत डाव्या हाताची दोन बोटं अधू झाली, तरी वाजवत राहिला तो!

उद्या विषयवार यादी. एका पुस्तकाला अनेक विषय, म्हणजे तिथे ‘प्रीफेच रिलेटेड’ लागेल, ते सगळे विषय वेगळ्या क्वेरीत एकदमच आणतं. ग्रंथपाल काकूंना सकाळी लिंक पाठवते.