सव्वा महिन्यानंतरचं

१४ डिसेंबर, रात्र

पोरगी आत्ता कुठे झोपली. आज मळ्यात भरीत होतं, पऱ्हाट्यांवर वांगी भाजली, कळण्याच्या पुऱ्या, कांद्याची पात, सगळा गोतावळा जमला होता. नणंद बाळंतपणाला आलीय, अडीच महिने झाले, ती मला विहिरीकडे घेऊन गेली आणि एकदम हळू आवाजात म्हणाली, वहिनी, पुढच्या आठवड्यात हे न्यायला येणारेत, आणि मला त्यांच्या जवळ जाणंच नको वाटतंय हो, तुमचं पण असं झालं होतं का? मी हो म्हणाले. पुढे काही बोलणार तेवढ्यात मोठ्या जाऊबाई आल्या, राहून गेलं. तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय.

झालं होतं ना माझंही. मार्चमध्ये डिलिव्हरी, एप्रिल-मे माहेरी चोपड्याला, बाहेर ४४-४५ डिग्री आणि आत माझ्या कानाला फडकं, बाजेखाली शेगडी, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा. सव्वा महिना आई मला पाण्याला हात लावू देत नव्हती. त्या दिवसांचं मला आजही बरं वाटतं, बाईच्या अंगाला हक्काचा आराम मिळतो तो तेवढाच. पण सव्वा महिना झाला की सगळे धरूनच चालतात की झालं, उठली बाई. टाके पूर्ण भरलेत का, आत दुखतंय का, हे मला कोणीच विचारलं नाही. दीड महिन्याच्या चेकअपला पण बाळाचं वजन बघितलं, तांबी बसवायची का विचारलं आणि पुढचा पेशंट.

जूनमध्ये अमळनेरला आले. ह्यांनी कधी जबरदस्ती केली नाही, हे मी आधी लिहून ठेवते. पण नुसता खांद्यावर हात ठेवला तरी मला अंग चोरावंसं वाटायचं. दिवसभर पोरगी अंगाला चिकटलेली, दर दोन तासाला दूध, रात्री तीन-तीनदा उठणं, मग रात्री अजून कोणी हात लावला की वाटायचं आता माझं म्हणून काही उरलंच नाही. एकदा प्रयत्न केला तर इतकं कोरडं आणि आग की मी रडले, आणि त्यात दूध पण वाहायला लागलं, मला इतकी लाज वाटली. मग मीच ठरवून टाकलं की माझंच प्रेम आटलं. ह्यांना म्हणायचे डोकं दुखतंय. हे गप्प गच्चीवर जाऊन झोपायचे. दोन महिने आम्ही असेच.

शेवटी ऑगस्टमध्ये जळगावला एका डॉक्टर मॅडमना दाखवलं, खरं तर पोटदुखीचं सांगून गेले आणि तिथं बोलून टाकलं. त्यांनी शांतपणे समजावलं की डिलिव्हरीनंतर इस्ट्रोजेन एकदम खाली येतं, अंगावर पाजतो तोवर दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन जास्त असतं, ते इस्ट्रोजेनला वर येऊ देत नाही, म्हणून कोरडेपणा, म्हणून इच्छाही कमी, त्यात झोप नाही. दूध वाहतं ते ऑक्सिटोसिनमुळे, पोरीला पाजताना जे सुटतं तेच जवळिकीतही सुटतं. एवढंच! मी दोन महिने स्वतःला काय काय बोलत होते. टाके तपासले, पाण्याचं बेस असलेली जेली लिहून दिली, ओटीपोटाखालचे स्नायू आवळून सोडायचा व्यायाम शिकवला, थायरॉईड करून घ्या म्हणाल्या कारण बाळंतपणानंतर ते पण बिघडू शकतं, आणि सारखं रडू येतं का, कशातच मन लागत नाही का, हे सुद्धा विचारलं. मला एक भीती पण होती जी मी कोणाला सांगितली नव्हती, लगेच परत दिवस गेले तर. अंगावर पाजते म्हणजे राहत नाही असं सासूबाई म्हणायच्या, पण मॅडम म्हणाल्या फक्त अंगावरचंच दूध, पाळी आलेली नाही आणि बाळ ६ महिन्यांच्या आत, तिन्ही असेल तरच त्याचा भरवसा. मग आशाताईंकडून दिवस राहू नयेत म्हणून छाया गोळ्या घेतल्या, पाजणाऱ्या बाईलाही चालतात, हार्मोन नसतात त्यात.

पण औषधापेक्षा जास्त उपयोग झाला तो त्या रात्री ह्यांना खरं सांगितल्याचा. माझा तुमच्यावर राग नाही, अंगच तयार नाही म्हटलं. हे बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले मला वाटलं तुला मीच नको झालो. इतके दिवस दोघं एकाच खोलीत आणि दोघांना हेच वाटत होतं! मग नुसतं जवळ झोपायचं ठरलं, पुढे काही नाही. रात्री एकदा पोरीला हेच उठून घ्यायला लागले, मला सलग चार तास झोप मिळायला लागली. आणि श्रावणात कानबाईचा सण असतो, त्या रोटांनंतर कधीतरी, नक्की दिवस आठवत नाही, मलाच त्यांचा हात धरावासा वाटला.

आधीसारखं नाहीये अजून. आता इच्छा आपोआप येत नाही, निवांत वेळ मिळाला, गप्पा झाल्या, तर हळूहळू येते. काही आठवडे येतच नाही. मला ते चालतं, ह्यांनाही चालतं.

माझी मोठीमाय एकदा म्हणाली होती, आंग वलं शे तुनं आजून, घाई कसानी? म्हणजे अंग ओलं आहे तुझं अजून, घाई कसली. तेव्हा मला वाटलं ती गार पाण्याबद्दल बोलतेय.

नणंदेला हे सगळं सांगायचंय. तिला दुखतंय का हे पण विचारायचं राहिलं. उद्या सकाळी ती बाळाला तेल लावायला बसते तेव्हा सासूबाई देवपूजेत असतात, तेव्हाच जाऊन बसते तिच्याजवळ. आणि नंदोई आले की ह्यांना सांगते, तुम्ही त्यांच्याशी बोला.