चोपदारांचा दंड आणि समाजआरती

पुण्यातला मुक्काम आटोपून माउलींची पालखी भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरातून पहाटे सासवडकडे निघते, तेव्हा हडपसरपर्यंत सोबत करून परतणारे पुणेकर पुष्कळ असतात. तेथे तुकोबांची पालखी लोणी काळभोरची वाट धरते आणि माउलींची दिवे घाटाकडे वळते. एरवी मीही तिथूनच परतत असे. यंदा मात्र एका दिंडीबरोबर सासवडपर्यंत चाललो.

इतक्या मोठ्या जनसमुदायाला कोण आवरते, हे मला जवळून पाहायचे होते. दिंडीत पुढे पताका, मग टाळकरी, मृदंग, विणेकरी आणि मागे तुळशी वृंदावन घेतलेल्या स्त्रिया असा क्रम असतो. कोणता अभंग केव्हा म्हणायचा याची परंपरा ठरलेली आहे, आणि तो सुरू करण्याचा मान विणेकऱ्यांचा. चालताना माझी ओळ सुटली तेव्हा मागच्या वृद्ध वारकऱ्याने खांद्यावर हात ठेवून "माउली, ओळ धरा" एवढेच म्हटले. ज्याची चूक दाखवायची त्यालाच माउली म्हणायचे असल्यामुळे त्या सांगण्यात अपमानाला जागाच उरत नाही.

दिवे घाटाचा चढ मोठा आहे. रथाला तेथे जादा बैलजोड्या जुंपतात. पण मनात घर करून राहिली ती संध्याकाळची समाजआरती. पालखी तळावर आली, दिंड्या सभोवती उभ्या राहिल्या आणि टाळ-मृदंगांचा गजर टिपेला पोचला. सोहळ्याची शिस्त राखणाऱ्या चोपदारांनी दंड उंचावताच तो सगळा गजर थांबला. केवळ एका कोपऱ्यातले टाळ वाजत राहिले. ज्या दिंडीची तक्रार असते, तिने टाळ थांबवायचे नाहीत, अशी रीत आहे. चोपदार तिच्याकडे गेले. राहुट्यांच्या जागेवरून काही अडचण होती. ती त्यांनी ऐकून घेतली, मार्ग सांगितला आणि मगच ते टाळ शांत झाले. त्यानंतर हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारण्यात आल्या, पुढे निघण्याची वेळ सांगितली गेली आणि आरती झाली. लाखोंच्या सोहळ्यात एका दिंडीचे गाऱ्हाणे ऐकल्याखेरीज आरती होत नाही, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. तक्रार दाबून मिळवलेली शांतता आणि ही शांतता यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सोहळ्याला आजची शिस्त लावणारे हैबतबाबा आरफळकर हे शिंद्यांच्या पदरी असलेले सरदार. लष्करी व्यवस्था त्यांना अंगवळणी पडलेली होती. पण आळंदीला त्यांची समाधी आहे ती महाद्वारातल्या पायरीपाशी, येणाऱ्या-जाणाऱ्या भाविकांच्या पावलांशी. नेतृत्वाने कोठे उभे राहावे याविषयी मी पुष्कळ ऐकले आहे, त्या पायरीइतके स्पष्ट उत्तर मला दुसरीकडे मिळालेले नाही.

वारीतही वाद होतात. पाण्याच्या टँकरवरून होतात, जागेवरून होतात, क्वचित अभंगाच्या चालीवरूनही होतात. मात्र जायचे कोठे, याविषयी वाद झालेला मी पाहिला नाही. आषाढी एकादशीला पंढरपुरी असायचे, हे आळंदीहून निघतानाच ठरलेले असते. म्हणून राहुटीची जागा हातभर सरकली तरी कोणी ते मनाला लावून घेत नाही.